मेणाच्या घरात काजळ आलं कुठून? लोककथेतून अद्भुत चित्र रंगवण्याची रीत

लोककथेवर अद्भुत चित्र काढायचं म्हटलं की बहुतेक जण आधी विचित्र गोष्टी गोळा करायला लागतात. माशाला पंख, झाडाला डोळे, बाईच्या केसांतून उडणारे पक्षी आणि मागे भला मोठा चंद्र. चित्र दिसायला छान होतं. पण ते कुठल्याही कथेशेजारी छापता येतं आणि म्हणूनच ते कुठल्याच कथेचं राहत नाही. अद्भुत बाहेरून आणावं लागत नाही, असं मला ठामपणे वाटतं. आजीच्या गोष्टींत ते भरपूर आहे. लहानपणापासून ऐकून आपल्याला ते दिसेनासं झालंय, एवढंच. गोष्टीतलं एक अशक्य वाक्य अक्षरशः खरं मानायचं आणि मग त्या घरचा सगळा हिशोब प्रामाणिकपणे मांडायचा, ही माझी रीत. पुस्तकांसाठी, मासिकांसाठी चित्रं काढणाऱ्या आणि काढू बघणाऱ्या मुलामुलींना ती नीट समजावी म्हणून इथे एकच चित्र पहिल्या ओळीपासून फ्रेमपर्यंत घेते आहे. कथा मुद्दाम सगळ्यांना पाठ असलेली निवडली आहे: चिमणी आणि कावळा.

गोष्ट आधी कानाने घ्या

छापील पुस्तकातून गोष्ट घेऊ नका. घरातल्या, शेजारच्या, गावाकडच्या म्हाताऱ्या माणसाकडून ऐका. विचारून फोनवर रेकॉर्ड करा आणि नंतर त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा. त्या कुठे थांबतात, कुठलं वाक्य दोनदा म्हणतात, कुठे आवाज बदलतात याची खूण करा, कारण चित्राची जागा बहुतेक वेळा तिथेच असते.

चिमणी-कावळ्याची गोष्ट घरोघरी वेगळी संपते. कुठे कावळा तव्यावर बसून पोळतो, कुठे तो चिमणीची पिल्लं खातो, कुठे दोघं एकत्र राहतात. मधला भाग मात्र जवळपास सगळीकडे सारखाच: चिमणीचं घर मेणाचं, कावळ्याचं शेणाचं. पाऊस आला, कावळ्याचं घर वाहून गेलं. तो भिजत दाराशी आला, "चिऊताई, चिऊताई, दार उघड." आतून उत्तर, "थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते." मग पुन्हा, "थांब, बाळाला तीट लावते."

शेवट कुठला घ्यायचा हे चित्रकाराने ठरवावं. पण निम्मा एका आजीचा आणि निम्मा दुसऱ्या आजीचा असं करू नये. एका सांगणाऱ्याशी एकनिष्ठ राहिलं की चित्रातली माणसं आणि पक्षी एकाच जगातले वाटतात.

अशक्य वाक्य शोधा आणि त्याचा हिशोब मांडा

गोष्ट लिहून झाली की त्यातलं एकच अशक्य वाक्य अधोरेखित करा. पक्षी बोलतात, पक्षी संसार करतात हे इथे मोजायचं नाही. ते ऐकणाऱ्याने गोष्टीच्या उंबऱ्यावरच मान्य केलेलं असतं. आपलं वाक्य आहे: "चिमणीचं घर मेणाचं."

आता वहीचं पान समोर घ्या आणि घर बांधणारा गवंडी किंवा घर चालवणारी बाई विचारेल तसे प्रश्न लिहा. मेण इतकं आणलं कुठून? घर उन्हाळ्यात टिकतं कसं? मेणाच्या घरात चूल पेटवता येते का? दिवा? रात्री काय करतात? आंघोळीचं पाणी तापतं कुठे?

इथेच गोष्ट आपल्याला काहीतरी देते. मेणाच्या घरात विस्तव पेटवता येत नाही, म्हणजे दिवाही नाही. मग बाळाला तीट लावायला काजळ आलं कुठून? काजळ तर दिव्याच्या ज्योतीवरच धरावं लागतं. गोष्ट सांगणाऱ्या कुणाही आजीने या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नसतं आणि ही मोकळी जागा चित्रकाराची आहे.

माझं उत्तर असं. दाराबाहेर कावळा उभा आहे, काळाकुट्ट आणि ओला. दाराखालच्या फटीतून त्याच्या पंखाचं एक टोक आत आलंय. चिमणी त्या पिसावरून काळं घेते आणि बाळाच्या गालाला लावते. ज्याला ती दार उघडत नाही, त्याच्याकडूनच तीट घेते. चित्रात बाहेरून आणलेली एकही वस्तू नाही. चिमणी, बाळ, दार, पाऊस, कावळा, काजळ, सगळं गोष्टीतलंच आहे. तरी हे दृश्य गोष्टीत नाही.

प्रकाशाचंही तसंच. दिवा नाही तर आत उजेड कशाचा? भिंतींचा. पातळ मेणातून उजेड झिरपतो. बाहेरचा करडा पावसाळी उजेड भिंतीतून येताना पिवळसर होणार. उजेड चहूबाजूंनी, म्हणजे धारदार सावल्या नाहीत. आणि दारही मेणाचंच, म्हणून बाहेरच्या कावळ्याची आकृती त्यावर गडद, पुसट डागासारखी उमटणार. म्हणजे हिशोब मांडता मांडता चित्राची प्रकाशयोजनाच हातात आली. "मूड कसा ठेवू?" असा प्रश्नच उरला नाही.

एक नियम मात्र कडक पाळा. चित्रात निसर्गाचा एकच कायदा मोडायचा. वस्तूचं द्रव्य बदला, नाहीतर आकारमान, नाहीतर वजन, नाहीतर काळ. चारही एकदम बदलले की बघणाऱ्याला कशाचंच नवल वाटत नाही. इथे आपण द्रव्य बदललंय, म्हणून बाकी सगळं, पिसापासून पाटापर्यंत, जसंच्या तसं खरं काढायचं.

1924 साली पॅरिसमध्ये आंद्रे ब्रेताँ या कवीने अतिवास्तववादाचा जाहीरनामा लिहिला तेव्हा स्वप्न आणि नेणिवेवर भर होता. पण त्या वाटेने पुढे गेलेल्या चित्रकारांपैकी मला सर्वांत जवळची वाटते ती लिओनोरा कॅरिंग्टन. ती इंग्लंडमध्ये जन्मली. आई आणि दाई आयरिश, त्यांच्याकडून गोष्टी ऐकत वाढली आणि 1940 च्या दशकात मेक्सिकोत जाऊन स्थिरावली. तिच्या चित्रांत स्वयंपाकघर, चूल, जेवणाचं टेबल पुन्हा पुन्हा येतं आणि जादू तिथेच घडते. तिची मैत्रीण रेमेदिओस वारो स्पेनची. ती यंत्रं, कपडे, जिने इतके काटेकोर काढते की अशक्य गोष्टही पटते. दोघींची चित्रं नेटवर मोठी करून बघा. नक्कल करायला नको, त्यांनी साध्या वस्तू किती मन लावून काढल्यात ते बघायला.

नागपुरात काय बघायचं

हिशोब कागदावर झाला, आता डोळ्यांची तयारी. आपल्या शहरात याची सोय फार चांगली आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत बघायला स्केचबुक घेऊन जा. जागनाथ बुधवारीतून पिवळी निघते, इतवारीतून काळी. बांबूच्या सांगाड्यावर कागद-कापड चढवून केलेली ही प्रचंड बाई अरुंद रस्त्यातून येते तेव्हा तिचं तोंड वरच्या मजल्याच्या गॅलरीसमोर येतं. गॅलरीतली मुलं तिच्या डोळ्यांत थेट बघतात, खाली माणसं रोगराई "घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडत असतात. सोबत त्या-त्या वर्षीच्या प्रश्नांवरचे बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे. आकारमान बदललं की काय होतं हे शिकायला याहून चांगला वर्ग नाही. रेखाटताना मारबतीचा चेहरा काढत बसू नका. तिच्या खांद्याच्या उंचीला कुठली खिडकी येते, वायर कुठे आडवी जाते, पायाशी उभ्या माणसाचं डोकं कुठवर पोचतं एवढंच टिपा. विराटपणा त्या मापांतून येतो. गर्दी खूप असते, म्हणून खिशात मावेल अशी वही आणि एक बॉलपेन पुरे.

श्रावणात घरी जिवतीचा कागद लावत असाल तर तो एकदा चित्रकार म्हणून बघा. खांबातून निघालेला नरसिंह, कालियावरचा कृष्ण, मुलांच्या गराड्यातल्या जरा-जिवंतिका, हत्ती आणि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. चार वेगळी जगं एका कागदावर, प्रत्येकाचं माप वेगळं, आणि कुणालाही ते खटकत नाही. खोली दाखवायला दूर जाणाऱ्या रेषा लागतातच असं नाही, गोष्टी एकावर एक रचूनही जागा तयार होते, हे त्या कागदावरून शिकता येतं. सिव्हिल लाइन्सजवळचं अजब बंगला म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय 1863 सालचं आहे. तिथल्या वस्तू, विशेषतः आदिवासी दालनातल्या, शांतपणे बसून काढण्यासारख्या आहेत. रेखाटनाची परवानगी आधी विचारून घ्या.

आता आपल्या चित्रासाठी लागणाऱ्या तीन गोष्टी जवळून बघू.

चिमणी. मुलांच्या पुस्तकांत चिऊताईच्या गळ्याला हमखास काळा पट्टा असतो. तो चिमण्याला, म्हणजे नराला असतो. मादी साधी, मातकट तपकिरी. डोळ्यामागे फिकट भुवईसारखी रेघ आणि पाठीवर गडद पट्टे. आपली चिऊताई आई आहे, तेव्हा पट्टा नको. आणि आपल्या चित्रात हे जास्तच महत्त्वाचं, कारण काळा रंग तिच्याकडे नसला पाहिजे, तरच तो तिला कावळ्याकडून घ्यावा लागतो. पिल्लू अगदी लहान असताना उघडं, गुलाबीसर असतं, डोळे मिटलेले, चोचीच्या कडा पिवळ्या.

कावळा. मानेवर राखाडी असलेला गावकावळा आणि पूर्ण काळा, जाड चोचीचा डोमकावळा, दोन्ही नागपुरात दिसतात. मी डोमकावळा घेतला, कारण दारावरचा डाग सलग काळा हवा. गळून पडलेलं कावळ्याचं पीस मिळालं तर नीट बघा आणि पाण्यात बुडवून पुन्हा बघा. कोरडं पीस सलग पात्यासारखं दिसतं. भिजलं की त्याचे केस चिकटून झुपके होतात, मध्ये बारीक फटी पडतात, आणि टोकाशी पाण्याचा एक थेंब अडकून राहतो. काळ्यावर निळसर चमक येते ती फक्त वळलेल्या भागावर. ही फट आणि ही चमक आली की पीस ओलं वाटतं, वेगळं पाणी काढावं लागत नाही. पिसं हाताळल्यावर हात धुवा.

मेण. किराणा किंवा पूजेच्या सामानाच्या दुकानातून मधमाश्यांच्या मेणाचा तुकडा आणा. पिवळसर, मधाचा वास असलेला. त्याच्या चकत्या करून एक लहानसं घर जोडा, हातभरही नको, वीतभर पुरे, आणि एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर ठेवा. हे मेण साधारण 62 ते 64 अंशांना वितळतं, पण त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं. आपल्याकडच्या 45 अंशांच्या दुपारी, त्यात गच्चीच्या तापलेल्या फरशीवर, घर वितळत नाही. ते बसतं. आधी छपराचा मधला भाग खाली झुकतो, मग भिंतींचे कोपरे गोल होतात, खालची कड फुगते. घराच्या आत छोटा टॉर्च ठेवून बघा. पातळ कडा उजळ नारिंगी, जाड कोपरे गडद तपकिरी. म्हणजे इथे उजेडाचा नियम मातीच्या भिंतीच्या उलट आहे. जाडीप्रमाणे रंग बदलतो, दिशेप्रमाणे नाही. याची रंगीत टिपणं करून ठेवा, चित्र त्यांच्यावरच उभं राहणार आहे.

घराचा साचा मात्र खराच घ्या. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्याची ओसरी, जाड चौकट, कोनाडे, वर कवेलू. मी कवेलूसुद्धा मेणाचे काढले, एकेक कवेलू वेगळा, काहींच्या कडा शेजारच्यात मुरलेल्या. खिडकीला वाळ्याचा पडदा आहे. ज्या बाईचं घर मेणाचं आहे, ती विदर्भातला उन्हाळा त्याच्याशिवाय काढूच शकणार नाही.

छोटे आराखडे

मोठ्या कागदावर उडी मारू नका. साधारण 5 सेंटिमीटर बाय 7 सेंटिमीटरच्या चौकटी आखा आणि प्रत्येकीत तीनच छटा वापरा: पांढरा कागद, मधला करडा, काळा. एक चौकट दहा मिनिटांत संपली पाहिजे. कॅमेरा कुठे ठेवायचा हे या टप्प्यावर ठरतं. कावळ्याच्या बाजूने, पावसात? घर मधून कापून, आत-बाहेर दोन्ही दिसेल असं? की आतून?

मी आतून घेतलं. आतून घेतल्यामुळे कावळा प्रत्यक्ष दिसतच नाही, दारावरचा डाग आणि फटीतलं पीस एवढाच तो उरतो. चित्र कुणाच्या घरात उभं आहे यावर बघणारा कुणाची बाजू घेतो हे ठरतं. आत उबदार जागेत उभं राहून बाहेर भिजणाऱ्याचा डाग बघायला लागला की बघणारा आपोआप अस्वस्थ होतो. गोष्टीला तेच हवं आहे.

छटांची वाटणी अशी: भिंती उजळ, चिमणी, पाळणा आणि वाळ्याचा पडदा मधल्या, कावळ्याचा डाग गडद. शुद्ध काळा फक्त दोन जागी, पिसाचं टोक आणि बाळाच्या गालावरची तीट. बाकी सगळे गडद रंग नीळ आणि गेरू मिसळून करायचे. हा संयम ठेवला तर नजर त्या दोन बिंदूंमध्ये स्वतःहून ये-जा करते.

कागद आणि रेखाटन

300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कॉटन कागद, ए3 आकाराचा. बारीक काम असल्यामुळे गुळगुळीत पोताचा बरा. वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचे पातळ हात, द्यायचे असतील तर कागद भिजवून प्लायवूडवर कागदी गम टेपने ताणून घ्या. नागपूरच्या उन्हाळ्यात तो तासाभरात खडखडीत होतो, पण फॅनखाली वाळवू नका, एका बाजूने ओढला जातो. रेखाटन वेगळ्या कागदावर पूर्ण करून ट्रेसिंगने उतरवा. ट्रेसिंगच्या पाठीला पेन्सिलऐवजी गेरूची पूड चोळली तर उमटलेली रेघ पुढे रंगात मिसळून जाते, पिवळ्या मेणाखाली करडी घाण दिसत नाही.

रंग: घरचे किती, दुकानातले किती

या चित्राला पाच रंग पुरतात: गेरू, रामरज, नीळ, पांढरा आणि काजळ. गेरू ही लाल आणि रामरज ही पिवळी माती आहे, लोहाच्या संयुगांमुळे रंग आलेली, आणि ती उन्हात उडत नाही. पांढरा आणि नीळ मी दुकानातले आर्टिस्ट गॉशचे, म्हणजे अपारदर्शक जलरंगाचे घेते. शाळेचे पोस्टर कलर सरावाला उत्तम. छापायला द्यायच्या कामालाही चालतात, पण भिंतीवर टांगायच्या चित्राला नको. त्यातल्या काही छटा लवकर फिक्या पडतात.

काजळ मात्र घरी धरा. या चित्रात त्याला अर्थ आहे, आणि हे काम शिकण्यासारखंही आहे. मातीच्या पणतीत तिळाचं किंवा एरंडेल तेल, जाड वात, वर थोड्या अंतरावर उपडी थाळी. ज्योत थाळीला किंचित टेकली पाहिजे, तरच काजळी धरते. तासाभराने थाळी पूर्ण थंड होऊ द्या आणि कार्डाच्या कडेने काजळी हलकेच खरवडा. ती तेलकट असते, पाण्यावर तरंगते, मिसळत नाही. म्हणून आधी एक-दोन थेंब सर्जिकल स्पिरिट टाकून तिची पेस्ट करा आणि मगच डिंकाचं पाणी घालून काचेवर बराच वेळ घोटा. जितकं घोटाल तितकं काळं मखमली. हे काम विस्तवापासून लांब करा, स्पिरिट पटकन पेटतं.

डिंकाचं पाणी असं: बाभळीचा डिंक, फिक्या रंगाचे स्वच्छ खडे निवडून, एक भाग डिंकाला दोन भाग गरम पाणी. रात्रभर भिजवा, मलमलच्या कापडातून गाळा. चार-पाच थेंब मध घाला, म्हणजे रंग वाळून तडकत नाही. लवंग तेलाचा एक थेंब बुरशी लांब ठेवतो. पाण्यात टाकल्यावर जो डिंक विरघळण्याऐवजी फुगून जेलीसारखा होतो, तो या कामाचा नाही. गेरू आणि रामरज याच पाण्यात घोटायचे.

हळद आणि पळसाच्या फुलांचा मोह सगळ्यांना होतो, मलाही तो रंग फार आवडतो. हळदीत चिमूटभर चुना पडला की ती कुंकवासारखी लाल होते, हे तर घरोघरी माहीत आहे. पण दोन्ही रंग प्रकाशात टिकत नाहीत. खात्री करायची तर कागदाच्या पट्टीवर सगळे रंग लावा, निम्मी पट्टी काळ्या कागदाने झाका आणि ऊन येणाऱ्या खिडकीत महिनाभर ठेवा. झाकलेला आणि उघडा भाग शेजारी धरला की वाद उरत नाही. वहीतल्या सरावाला हळद वापरा, विकायच्या चित्राला रामरज.

रंगवण्याचा क्रम

गॉशचा एक स्वभाव आधी समजून घ्या. वाळलेला थर पाणी लागलं की पुन्हा ओला होतो आणि वरच्या थरात मिसळतो. शिवाय फिकट छटा वाळल्यावर थोड्या गडद होतात आणि गडद छटा थोड्या फिक्या. म्हणून प्रत्येक मिश्रण आधी पट्टीवर लावून, वाळवून बघा.

पहिला थर मी अॅक्रिलिकचा देते, पाण्यासारखा पातळ, रामरजच्या छटेचा. अॅक्रिलिक वाळल्यावर पुन्हा सुटत नाही, त्यामुळे पुढचे थर निर्धास्त बसतात. संपूर्ण कागदावर हा एकच उबदार थर द्या, दाराच्या जागी थोडा करडा मिसळून. घरातला झिरपलेला उजेड इथेच तयार झाला.

मग भिंती. मेण रंगवताना पांढरा कमीत कमी वापरा. पांढरा जास्त झाला की मेणाचा चुना होतो, भिंत बंद पडते. पातळ रामरज, वाळू द्या. त्यावर गेरूचा अगदी पातळ हात फक्त जाड जागी, म्हणजे कोपरे, चौकटीचा पाया, कवेलूंचे जोड. पुन्हा वाळू द्या. असे चार-पाच हात. पातळ कडा अजिबात झाकू नका, तिथे खालचा पहिला थरच उजेड देत राहील. सगळ्यात शेवटी, ज्या कडा बाहेर झुकल्यात त्यांच्यावर पांढऱ्यात थेंबभर रामरज घालून एक ओली, तुटक रेघ. इथे टॉर्चच्या उजेडातली ती टिपणं समोर ठेवूनच काम करा, अंदाजाने नको.

दारावरच्या पावसासाठी मेणच वापरता येतं. साधी पांढरी मेणबत्ती टोकदार करून, दारावर थेंब जसे ओघळतील तशा रेघा दाबून ओढा आणि वरून निळसर करडा वॉश द्या. मेणावर रंग थांबत नाही, खालचा पिवळा तसाच चमकतो. पण एकदा मेण लागलं की त्या जागी पुढे काही रंगवता येत नाही, त्यामुळे कावळ्याचा डाग आधी करून घ्या. तो डाग ओल्यावर ओला असा घाला: दाराचा भाग स्वच्छ पाण्याने भिजवा, चमक गेली की नीळ आणि गेरूचं दाट मिश्रण ब्रशने टेकवा आणि पसरू द्या. चोचीची दिशा तेवढी ओळखू आली पाहिजे. कडा धारदार झाल्या तर तो आत उभा असल्यासारखा वाटेल.

चौकटीला लाकडाचा पोत हवा असेल तर माक्स अर्न्स्ट या अतिवास्तववादी चित्रकाराने 1925 साली फरशीच्या फळ्यांवर कागद ठेवून घासून जे केलं, तेच घरच्या सागवानी दारावर करा. पातळ कागद, मऊ पेन्सिल. त्या घासणीत कधी डोळा दिसतो, कधी नदी. तो पोत ट्रेसिंगने चौकटीवर उतरवा. मेणाच्या घराला लाकडाच्या रेषा आल्या की ते घर लाकडाच्या साच्यात ओतलेलं वाटतं, आणि "मेण आणलं कुठून, घर बांधलं कसं" याचंही अर्धं उत्तर मिळतं.

चिमणी, पाळणा, पिल्लू हे दाट गॉशमध्ये, लहान ब्रशने. चिमणीची पाठ भिंतीच्या रंगाच्या जवळ ठेवा, पोट फिकट. तिची नजर बाळाकडे हवी, दाराकडे नको. तिने दाराकडे पाहिलं की ती ठरवून वागते आहे असं वाटतं. बाळाकडे पाहिलं की ती कामात आहे, आणि गोष्टीतलं "थांब" तसंच आहे, कामातल्या बाईचं.

काजळ सगळ्यात शेवटी. पिसाचं टोक: आधी आकार, मग झुपक्यांमधल्या फटी सुईसारख्या ब्रशने भिंतीच्या रंगात, मग वळणावर निळसर चमकेची एक रेघ. आणि बाळाच्या गालावर एकच ठिपका, ब्रश एकदा टेकवून उचललेला. ठिपका दुरुस्त करू नका.

हवामानाचं थोडं. मे महिन्यात रंग पॅलेटवरच वाळतात. स्टीलच्या ताटात ओलं सुती कापड अंथरून त्यावर बटर पेपर ठेवा आणि रंग त्यावर काढा, बराच वेळ ओले राहतात. कूलरसमोर बसू नका, उडालेला एक थेंबही गॉशवर डाग पाडतो. पावसाळ्यात उलट: दोन थरांमध्ये जास्त वेळ द्या, आणि पूर्ण झालेली चित्रं प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका, बुरशी धरते.

नक्षीची उधारी

लोककथा म्हटलं की अनेकांचा हात गोंड चित्रांतल्या ठिपक्या-रेघांकडे जातो. यावर मला स्पष्ट बोलायचं आहे. आज आपण ज्याला गोंड चित्रशैली म्हणतो तिला कागद आणि कॅनव्हासवर आणलं ते मध्य प्रदेशातल्या पाटणगढच्या जनगढ सिंह श्याम यांनी, 1980 च्या दशकात भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्राशी जोडले गेल्यावर. परधान समाजाची, म्हणजे गोंडांच्या परंपरागत कथागायकांची, गाणी आणि कथा त्यामागे आहेत. तिथल्या प्रत्येक चित्रकाराची भरण्याची नक्षी वेगळी असते, ती त्याची ओळख, जवळजवळ सही असते. ती उचलून आपल्या चिमणीच्या अंगात भरणं म्हणजे दुसऱ्याची सही करणं. नागपूर वसवलं तेच मुळी छिंदवाड्याकडच्या देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, 18 व्या शतकाच्या सुरुवातीला. या शहरात राहून तर ही जाण आपल्याला जास्तच हवी.

मग नक्षी आणायची कुठून? आपण जे हाताळतो त्यातून. वाळ्याच्या पडद्याची वीण, मेणावर बोट दाबल्यावर उठलेला ठसा, कवेलूंची रांग, ओल्या पिसाच्या फटी. माझ्या चित्रात भिंतभर बोटांच्या ठशांची नक्षी आहे, कारण मेणाचं घर हातानेच लिंपावं लागलं असणार. चिमणीच्या घरात ते ठसे अर्थातच पायाच्या नख्यांचे आहेत. आदिवासी कथेवरच काम करायचं असेल तर त्या समाजातल्या सांगणाऱ्याकडून ऐका, काय चितारलेलं चालेल आणि काय नाही ते विचारा, आणि मानधनात त्यांचा वाटा धरा.

शेवटचे सोपस्कार

चित्राचा फोनवर फोटो काढून तो कृष्णधवल करा. पीस आणि तीट हे दोन सर्वांत गडद बिंदू नसतील तर बाकीचे गडद भाग हलके करा. मग चित्र आरशात बघा, कलतं झालेलं काही असेल तर लगेच दिसतं. छपाईसाठी 600 डीपीआयवर स्कॅन करा. स्कॅनर मेणाच्या फिकट छटा उडवतो, म्हणून फाइल मूळ चित्राशेजारी, दिवसाच्या उजेडात ताडून बघा. फ्रेम करताना काच आणि चित्रामध्ये माउंटचं, म्हणजे कडेच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीचं, अंतर हवंच आणि फ्रेम पश्चिमेच्या उन्हासमोर टांगू नका. चित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने रंगांची यादी, तारीख आणि गोष्ट कुणाकडून, कुठे ऐकली ते लिहा. पुस्तकात छापलं जाणार असेल तर सांगणारीला विचारून तिचं नावही द्यायला सांगा.

पुढच्या सरावाला भोपळ्यातली म्हातारी घ्या. अशक्य वाक्य तयारच आहे, म्हातारी भोपळ्यात बसून जंगलातून जाते. आता हिशोब: तिला आतून वाघ कसा कळतो? भोपळा टुणुक टुणुक उड्या मारत चालला की ती आत कशाला धरून बसते? बियांचं आणि दोऱ्यांचं काय केलं तिने? बाजारातून एक लाल भोपळा आणा, देठाजवळ झाकणाएवढा कापा, आत टॉर्च सोडा आणि आधी तेवढं काढा.